नाईकाची धडधड

देवसिंग नाईकाला राग फार यायचा आणि त्या रागाचा त्याला अभिमानही फार होता. पुसदहून दिग्रसकडे निघालं की टेकडीच्या पोटाशी त्याचा बंजाऱ्यांचा तांडा लागे. बाप गेला तेव्हा त्याच्याकडून नाईकपण आलं, पितळी मुठीची काठी आली, एक घोडी आली आणि आवाज आला. घोडी म्हातारी होऊन मेली, काठी वाळवीनं खाल्ली, आवाज तेवढा राहिला. नाईक घरासमोर बसून ओरडला की नाल्यावर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून एकमेकींना विचारायच्या, "आज कोणाचा नंबर हाय वं?"

आपल्या रागावर तांड्याचा कारभार चालतो असं नाईकाचं मत होतं. तांड्याचं मत विचारायची रीत नव्हती. आणि रागाचा मोठा हिस्सा घरीच खर्ची पडे, कारण घर जवळ होतं. बसंतीबाई, त्याची बायको, तो ओरडू लागला की हातातलं काम खाली ठेवायची, भिंतीला पाठ लावायची आणि पदराचं टोक मुठीत धरून उभी राहायची. ती भित्री आहे हे सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. नाईकाला तर ते फारच आवडायचं.

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हे झालं. बांधावरच्या मोहाच्या झाडाची फुलं कोणी वेचायची यावरून दोन चुलतभाऊ भांडत आले. नसाब बसली, म्हणजे तांड्याची पंचायत. मधोमध नाईक, बाजूला त्याचा कारभारी पूनमसिंग, भोवती बाप्ये आणि जरा दूर बाया. नाईकानं दोघांचं काही ऐकून घेतलं नाही. ऐकून घ्यायची त्याला सवयच नव्हती. त्यानं थोरल्याच्या आईपासून सुरुवात केली, आजीपर्यंत पोचला आणि तिथंच मध्ये थांबला.

छातीत काहीतरी चुकलं होतं. ठोका पडायचा तिथं पडला नाही. मोकळी जागा आली, आणि मग आतून कोणी लाथ मारावी तसा एक जोरात पडला. पुन्हा मोकळी जागा, पुन्हा लाथ. नाईकाचं तोंड उघडंच राहिलं. थोरला भाऊ मान खाली घालून आजीचं पुढचं ऐकायला उभा होता. ते आलंच नाही, तेव्हा त्यानं मान वर केली.

"जा," नाईक हळूच म्हणाला. "दोघंबी बरोबर हा. अर्धी अर्धी वेचा."

नाईकाच्या तोंडून असला निवाडा कोणी कधी ऐकला नव्हता. लोक म्हणाले, वयानं शहाणपण आलं. दोघं भाऊ त्याच्या पाया पडून गेले. नाईक उठला नाही. पाय लटपटत होते, ते कोणाला दिसू नये म्हणून सगळे जाईपर्यंत तो बसूनच राहिला.

त्या दिवसापासून त्याचं अर्धं ध्यान जगात आणि अर्धं छातीत असं झालं. भाकरीचा घास तोंडात असताना तो चावायचं थांबवी आणि ऐके. कोणी राम राम केला तर उत्तर द्यायला वेळ लागे, कारण आधी एक ठोका नीट पडू द्यायचा असे. खाटेवर आडवं झालं की फार वाईट. डाव्या कुशीवर वळलं की कानातच वाजे. मग तो उठून बसे आणि बसल्या बसल्या पेंगे. कोंबडा आरवला की दचके. दळणाची घरघर सोसेना. पोरं विटीदांडू खेळताना आरडली की त्याला घाम सुटे. आजवर साऱ्या तांड्याला दचकवणारा माणूस आता कोणी शिंकलं तरी दचकायला लागला, आणि हे सांगायचं कोणाला? नाईकानं 'मी भेतो' असं म्हणायचं, तर मग नाईक कशाला म्हणायचं?

बसंतीबाईनं एकदा विचारलं. जवारी पाखडत होती, सूप तसंच हातात धरून म्हणाली, "जमनीचे बापू, जीव घाबरते का तुमचा?"

"घाबराले मी का बाई हाव?" नाईक ओरडला, आणि ओरडल्याबरोबर छातीनं उडी मारली, म्हणून पुढचं त्यानं फारच हळू सांगितलं, "आपलं काम कर."

पण एका दुपारी गोष्ट झाकता येण्यापलीकडे गेली. तो वावरात एकटा होता. जवारी कापून झाली होती, धसकटं उभी होती. तो वाकला आणि छातीत फडफड सुरू झाली, पोत्यात पाखरू कोंडावं तशी. थांबेचना. तोंडाला कोरड पडली, हातांना मुंग्या आल्या. नाईकानं ओळखलं, आता मरण आलं. धसकटांच्या मध्ये तो उताणा पडला. तांड्याच्या मुख्यानं मरताना काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून त्यानं शब्द जुळवायला घेतले. शब्द बरे जुळले. पण ऐकायला एक टिटवी सोडून कोणी नव्हतं, आणि तीही उडून गेली. त्याला रडू आलं. आपल्यासाठी आपणच रडत तो बराच वेळ पडून राहिला. मरण काही येईना. मुंगळे मात्र आले आणि धोतरात शिरले, तेव्हा उठावं लागलं. उठून अंग झटकताना त्याच्या ध्यानात आलं की फडफड केव्हाचीच थांबली आहे.

घरी येऊन तो म्हणाला, "आजपासून मी एकटा वावरात जात नाई." आणि पूनमसिंग कारभाऱ्याला बोलावून सगळं सांगितलं, कोणाला सांगू नको अशी शपथ घालून. सांज पडायच्या आत साऱ्या तांड्याला ठाऊक झालं.

मग प्रत्येकाला त्याचं कारण सापडलं. कोणी म्हणालं गरमी, कोणी म्हणालं नजर. भगतानं हातात जवारीचे दाणे घेतले, सोडले आणि सांगितलं, देवीला बोकड पाहिजे. देवीला बोकड दिला. तांड्यानं तो खाल्ला. त्यातलं काळीज नाईकाच्या ताटात पडलं. काळजाच्या दुखण्याला काळीज चांगलं, असं भगताचं म्हणणं होतं. मटण झणझणीत झालं होतं. नाईकाची छाती त्या दिवशी फारच उड्या मारत होती. भगत म्हणाला, देवी खूश झाली, नाचून राह्यली.

पुसदच्या डॉक्टरानं छातीला नळी लावली, लाल औषधाची बाटली दिली आणि म्हणाला, "तंबाखू सोडा. चहा कमी करा. भिऊ नका. आणि राग करू नका."

नाईक बाटली हातात धरून बाहेर आला. तंबाखू सुटणार नव्हती. न भिणं जमत नव्हतं. उरला राग. त्यानं राग सोडला.

आता ज्यानं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही त्यानं राग सोडला म्हणजे मागं काय उरतं? नाईक दिवसभर खाटेवर बसे. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर. लोक येत, जरा दूर बसत आणि मरणाच्या घरी बोलावं तशा आवाजात बोलत. जवारी चांगली हाय म्हणत. कपाशी चांगली हाय म्हणत. कोणाची गाय मेली, कोणी कोणाचं डोकं फोडलं, कोणाची सून रुसून माहेरी गेली, यातलं काही त्याच्या कानावर येईना. पूनमसिंगानं तशी सक्त ताकीद देऊन ठेवली होती. "नाईकाले ताण नोको," तो प्रत्येकाला सांगे, "जे असन ते मले सांगा." लोक त्याला सांगू लागले. निवाडे तोच देऊ लागला. नाईकाची फार काळजी घेत होता पूनमसिंग. इतकी की वर्षभरात नसाबीत नाईकाची जागाही तोच सांभाळू लागला.

जगात सगळंच चांगलं चाललेलं ऐकून नाईकाची भीती वाढली. इतकं चांगलं कधी नसतं. हे आपल्यापासून काहीतरी लपवतात, म्हणजे आपलं मरण लपवतात. कोणी आलं की तो त्याच्या तोंडाकडे पाहून आपल्या तब्येतीचा अंदाज घेई. एखाद्यानं जांभई दिली तरी त्याला ती दुःखाची वाटे. बारीकसारीक गोष्टीनं डोळे भरून येत. एकदा जमनी, त्याची लेक, सासरहून आली आणि म्हणाली, "बापू, वाळले तुमी." तर तो तिच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडला. जमनीनं बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती इतकी भ्यायली की दुसऱ्याच दिवशी परत गेली.

पण माणूस कुठल्याही मुलखात राहायला शिकतो, तसा नाईक दुखण्यात राहायला शिकला. त्याला दुखण्याचा एक फायदा सापडला. कोणी मनाविरुद्ध बोललं की छातीवर हात ठेवायचा. बस. बोलणारा गप्प. कधी धडधड खरंच होत असे, कधी नसे, आणि पुढे पुढे त्याला स्वतःलाही कळेना की आधी हात जातो की आधी ठोका चुकतो.

बसंतीबाईच्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं, दारव्ह्याकडे. तिनं दोनदा विचारलं, जाऊ का. दोन्हीदा हात छातीवर गेला. ती गेली नाही. तिनं पाणी आणलं, सरपण आणलं, निंदण केलं, दळण दळलं, आणि उरलेल्या वेळात ती नाईकाला विंझणा घाली. वारा घालता घालता मध्येच थांबे, दाराच्या चौकटीला टेके. नाईक डोळे मिटून म्हणे, "काहून थांबली?" मग ती पुन्हा सुरू करी.

पुसदला मोहिउद्दीन नावाचा मोटारमेकॅनिक होता, नाईकाचा जुना दोस्त. त्याच्याकडे एक खटारा मोटार होती. चालेल तेव्हा तो तिच्यातून माणसं न्यायचा. तो एक दिवस तांड्यात आला, नाईकाला पाहिलं आणि म्हणाला, "नायकसाब, ये क्या हाल करून बसले? यवतमाळले नवीन डॉक्टर आला, बावनकर. नागपुरात शिकेल हाय. चला, उद्याच चला."

"रस्त्यात मेलो तर?" नाईकानं विचारलं.

"तर वापस आणून देईन. मोटार तर येणारच हाय ना."

निघाले. पुढे मोहिउद्दीन, मागे नाईक आणि त्याला धरायला बसंतीबाई. घाटाच्या चढावर मोटारीनं दोन हुंदके दिले आणि ती थांबली. मोहिउद्दीन खाली उतरला, आत डोकं घालून खटपट केली आणि म्हणाला, ढकलावी लागेल. नाईकानं छातीवर हात ठेवला. तेव्हा मोहिउद्दीननं एका बाजूनं खांदा लावला आणि दुसऱ्या बाजूनं बसंतीबाईनं. नाईक आत बसून राहिला. त्याचं वजन बरंच होतं. वरच्या सपाटीला पोचल्यावर इंजीन एकदाचं खोकून सुरू झालं, पण बसंतीबाई मोटारीत आलीच नाही. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. ओठ जांभळासारखे निळे पडले होते आणि बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात मांडीवर मेल्यासारखे पडले होते.

नाईकानं खिडकीतून डोकं काढलं. "चाल नं वं! डाक्टर उठून जाईन. मले उशीर होऊन राह्यला."

ती उठली आणि आली.

डॉक्टर बावनकर तरुण होते, चष्मेवाले, घाई नसलेले. त्यांनी नाईकाला आडवं केलं, बसवलं, पुन्हा आडवं केलं, जागच्या जागी उड्या मारायला लावल्या आणि पुन्हा ऐकलं. नाईकाला फार समाधान वाटलं. इतक्या मन लावून त्याच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"नाईक," डॉक्टर म्हणाले, "मधूनच तुमचा एखादा ठोका घाईनं पडतो. मग हृदय क्षणभर दम खातं आणि पुढचा ठोका जोरात मारतं. तुम्हाला जाणवतं ते हे. होतं ते खरं आहे, भास नाही. पण त्यानं मरत नाही कोणी. हृदय तुमचं बैलासारखं दणकट आहे."

"मंग औषध?"

"तंबाखू सोडा."

"अन् हे धडधड?"

"होईल अधूनमधून. होऊ द्या. तुम्ही भिता म्हणून ती वाढते, ती वाढते म्हणून तुम्ही आणखी भिता. आजार म्हणाल तर तो तुमच्या भीतीत आहे."

नाईकाचा चेहरा पडला. वर्षा-दोन वर्षांचं दुखणं, एका बोकडाचा जीव, सगळ्या तांड्याचे खाली गेलेले आवाज, आणि हा पोरगा म्हणतो, होऊ द्या! तो काही बोलणार तेवढ्यात डॉक्टरांची नजर त्याच्यामागे गेली. बसंतीबाई दाराला टेकून उभी होती.

"यांना दम केव्हापासून लागतो?"

"तिले?" नाईकानं मागं वळूनही पाहिलं नाही. "तिले काई नाई. मोटार ढकलून आली ते."

"या इकडे बाई. बसा."

ती खुर्चीच्या काठावर बसली. डॉक्टरांनी मनगट धरलं. बराच वेळ धरलं. मग नळी लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. नाईकाच्या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते, हे नाईकाच्या ध्यानात आलं.

"लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का?"

"सुजले होते," ती म्हणाली. "गुडघे, घोटे. उचलून नेत मले."

"छातीत धडधड होते?"

"होते."

"केव्हापासून?"

"जमनी झाली तवापासून."

नाईकानं मनाशी हिशेब केला. जमनीला आता स्वतःचं पोर होतं.

"इतकी वर्षं? सांगितलं नाही कोणाला?"

बसंतीबाई जरा गोंधळली. सांगण्यासारखी ती गोष्ट आहे हेच तिला नवं होतं. "सांगाचं काय डाक्टरसाब? मले वाटलं, हे भेव होय. हे ओरडले की व्हाचं, घागर आणली की व्हाचं. कधी उगीच बसल्या जागी व्हाचं, मंग मले वाटे, काईतरी वाईट होणार हाय, अन् मी दिवसभर वाट पायत बसो, काय वाईट होते त्याची. मी म्हणो, आपण भेकड हाव. कोणी असते नं भेकड. आता आपल्या भेकडपणाचं काय सांगत फिराचं?"

मोहिउद्दीन दाराबाहेरून ऐकत होता, त्यानं टोपी काढली.

"बाई, तुम्ही भेकड नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या हृदयातली एक झडप आखडली आहे. ठोक्यांना ताल म्हणून राहिलेलाच नाही. दुसरं कोणी असतं तर खाटेवरून उठलं नसतं. आणि तुम्ही मोटार ढकलता?" मग ते नाईकाकडे वळले. "यांना इथं ठेवून घ्यावं लागेल. पुढे रोज एक गोळी, चुकवायची नाही. पाणी आणणं, सरपण आणणं, निंदण, दळण, सगळं बंद."

आता नाईकाच्या मनात काय आलं? दया यायला हवी होती, लाज यायला हवी होती. दोन्ही आल्या, पण मागाहून. आधी आलं ते वेगळंच. मेळ्यात आपल्याच खिशातून कोणी काही काढून नेल्यासारखं त्याला वाटलं. तो खाकरला आणि म्हणाला, "डाक्टरसाब, मले एकदा पुन्हा पायता का?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात मोहिउद्दीननं त्याला गाठलं. एरवी थट्टा करणारा माणूस, त्या दिवशी करत नव्हता.

"नायकसाब, तुमी दोन साल आपली नाडी धरून बसले. एक दिवस भाभीची धरून पाह्यली असती तर?"

"मले काय मालूम?"

"तेच सांगून राह्यलो. तुमाले मालूम नोतं. बाजूच्या खाटेवर झोपे ते. तुमाले मालूम नोतं."

नाईक व्हरांड्यातच राहिला. बसंतीबाईला खाट मिळाली. ती पहिले दोन दिवस त्या खाटेवर पाहुण्यासारखी बसून होती, कोणी उठवील म्हणून. नाईक तिच्यासाठी चहा आणायला खाली जाई, पेज आणायला जाई, नर्स ओरडली की ऐकून घेई. वारा घालायला तिथं कोणी नव्हतं. एका संध्याकाळी त्याला आठवलं की आज दिवसभर छातीकडे आपलं ध्यानच गेलं नाही. आठवल्याबरोबर ठोका चुकला. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं वाटलं की आपण आतून बरेच फालतू आहोत. पण असलं कोणी मनात फार वेळ ठेवत नाही. त्यानं तंबाखूची पुडी बाहेर फेकली, थोड्या वेळानं खाली जाऊन ती शोधली, सापडली नाही, आणि तंबाखू अशी सुटली.

तांड्यात परत आल्यावर गोळी रोज सुरू झाली. बारीक, पांढरी. बसंतीबाईची धाप उतरली, पायांची सूज गेली, आणि काही दिवसांनी एक गोष्ट घडली. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. नाईकाचं दुखणं आता दुखणं राहिलं नव्हतं, तेव्हा राग पुन्हा मोकळा झाला होता. त्यानं ताट सरकवलं आणि जुन्या आवाजात ओरडला. बसंतीबाई सवयीनं भिंतीला टेकली, पदराचं टोक मुठीत धरलं. पण मग तिनं मान जरा वाकडी केली, दूरवरचं काही ऐकावं तशी. नाईक ओरडत होता. ती ऐकत होती, पण त्याला नाही. आत काहीच होत नव्हतं. छाती आपली चालली होती, जरा वेडीवाकडी, पण शांत. तिनं मुठीतला पदर सोडला.

"झालं?" तिनं विचारलं.

नाईक थांबला.

"मीठ जास्त हाय तं पाणी घाला," ती म्हणाली आणि चुलीशी जाऊन बसली.

नाईकाची छाती मात्र धाडधाड उडत होती. इतकी वर्षं एका घरात दोन माणसं राहत होती, एक भिणारं आणि एक भिववणारं. आता त्यातलं भिणारं कोण, हे नाईकाला कळलं. त्यानं भाजीत पाणी घातलं.

पाण्याचा प्रश्न पुढे आला. घागरी नाल्यावरून आणायच्या कोणी? पूनमसिंग म्हणाला, एखादी बाई लावून देतो. त्याच्या म्हणण्यात नाईकपणही कायमचं ठेवून घेण्याचा सूर होता. नाईकानं बाई नाकारली आणि भर दुपारी, नाल्यावर कोणी नसेल अशा बेतानं, घागर खांद्यावर घेतली. नाल्यावर सगळ्या होत्या. नाईकाच्या खांद्यावर घागर पाहून धुणं थांबलं. एकीनं पदर तोंडात कोंबला. दुसरीला तेवढंही सुचलं नाही, ती हसली.

"डाक्टरनं मले चालाले सांगतलं," नाईक गरजला. "वजन घेऊन!"

हे डॉक्टरनं कधी सांगितलं नव्हतं. पण त्यानंतर तो रोज चालला. चार-सहा महिन्यांनी हसायचं सगळ्यांच्या लक्षातून गेलं.

बसंतीबाईच्या दुसऱ्या भाचीचं लग्न निघालं तेव्हा ती विचारायला आलीच नाही, सांगायला आली. नाईकाचा हात छातीकडे निघाला.

"हात काढा तेथून," ती म्हणाली, "अन् गाडी जुपा."

तांड्यात याचा एक परिणाम असा झाला की बाया तिच्याकडे येऊ लागल्या. कोणाला चक्कर येई, कोणाची छाती उडे, कोणाचा जीव उगीच घाबरे. त्यांनाही वाटत होतं की त्या भेकड आहेत. बसंतीबाई त्यांना घेऊन पुसदच्या दवाखान्यात जाई. बहुतेकींच्या अंगात रक्त नव्हतं. एकीला नवरा मारत होता, त्याला दवाखान्यात औषध नव्हतं. नवरे चिडले. आमच्या घरात खायला नाही का, म्हणाले. असेल, बसंतीबाई म्हणाली, मग ते तिच्या ताटात काहून येत नाही?

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला पूनमसिंग उभा राहिला आणि निवडून आला. नसाब बसायची राहिली नाही, पण नाईकाला नाईक म्हणायचं कोणी थांबवलं नाही. तसं म्हणायला काही लागत नव्हतं. पुढे पूनमसिंगालाच छातीत धडधड होऊ लागली, तेव्हा तो सगळ्यात आधी देवसिंगाकडे आला, दार लावून घेतलं आणि शपथ घातली. देवसिंगानं त्याच्या मनगटावर बोटं ठेवली, डॉक्टर बावनकरांसारखे डोळे मिटले आणि म्हणाला, "मरत नाईस. तंबाखू सोड." मग बाहेर येऊन त्यानं साऱ्या तांड्याला सांगितलं.

त्याची स्वतःची धडधड गेली नाही. होई, थांबे, पुन्हा होई. चांगल्या दिवशी तो तिला दाराशी आलेल्या कुत्र्यासारखी हाकलून देई, वाईट दिवशी अजूनही खाटेवर बसून मरणाची वाट पाही. बसंतीबाई मग शेजारी बसे, हात हातात घेई आणि म्हणे, "द्या, मी मोजते. तुमी नका मोजू." तिला मोजता येत नव्हतं. पण तो झोपी जाई.

बासष्ट सालानंतर एसटी नीट सुरू झाली, तेव्हा तपासणीला यवतमाळला ते बसनं जाऊ लागले. एकदा बाजाराचा दिवस होता, बस गच्च भरली होती. चढतानाच बसंतीबाईचा श्वास लागला. नाईकानं गर्दीतून वाट काढली, खिडकीशी बसलेल्या दोन जवान माणसांसमोर उभा राहिला आणि जुना आवाज काढला, आईपासून आजीपर्यंत. "बिमार बाई हाय, दिसत नाई? दिलाची बिमारी हाय तिले! उठ!" कंडक्टर मध्ये आला, त्यालाही ऐकवलं. साऱ्या बसनं मागं वळून पाहिलं. दोघांतला एक उठला.

आणि तेवढ्यात छातीत ठोका चुकला. मोकळी जागा आली, मग लाथ. नाईकाचे पाय गेले आणि तो त्या रिकाम्या जागेवर मटकन बसला. कपाळाला घाम. बोटं मनगटावर.

बस सुरू झाली. बसंतीबाई वरची दांडी धरून उभी होती. आधी तिला वाटलं, उठतील. बस वळणावरून गेली, पुलावरून गेली. नाईक डोळे मिटून मोजत होता. जागा सोडलेला जवान तिच्याकडे पाहू लागला, शेजारची म्हातारी पाहू लागली.

"जमनीचे बापू," बसंतीबाई म्हणाली.

त्यानं डोळे उघडले.

"जागा कोणासाठी मागतली तुमी?"

नाईकानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या ओठांकडे पाहिलं. छाती अजून उडत होती.

"उठा," ती म्हणाली.

तो उठला.